सुभेदारांची जोंगा आणि दोन थेंब तेल

सकाळी आठला शटर वर केलं, तेव्हा सुभेदारसाहेब बाहेर उभेच होते. गाडी कडेला चालूच ठेवलेली. मी ती बघायच्या आधी ऐकली. रेस आपोआप वर जायची, मग खाली, आता बंद पडते की काय असं वाटेपर्यंत खाली, आणि पुन्हा वर. दम्याचा माणूस जिना चढून आल्यावर श्वास घेतो तशी.

"मिस्तरी, इंजिन काढायचं ठरवलंय," ते म्हणाले. "डिझेल बसवणारा माणूस मिळालाय. तुम्ही एवढंच सांगा, हे इंजिन कितीला जाईल?"

माझ्या पोटात गोळा आला. साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत फौजी पुष्कळ, त्यामुळे लष्कराच्या लिलावातल्या जोंगा, म्हणजे फौजेच्या जीपगाड्या, मी बऱ्याच पाहिल्या. पण बॉनेटखाली मूळ पेट्रोल इंजिन असलेली आता क्वचितच दिसते. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीने १९६९ पासून तीस वर्षं ही गाडी बनवली. मूळ आराखडा निस्सानच्या 'पॅट्रोल' गाडीचा; पॅट्रोल म्हणजे गस्त, हे त्या मॉडेलचं नाव, इंधनाचं नव्हे. जोंगा हे नाव 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' यातून आलं. आत एका रांगेत सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. लिटरला चार-पाच किलोमीटर देते म्हणून लोक हे इंजिन उपटून भंगारात घालतात आणि टेम्पोचं डिझेल ठोकतात. खर्चाचं गणित मला कळतं. तरी सहा सिलिंडरचा तो सलग, जाड आवाज गेला की माझ्या लेखी ती जोंगा उरत नाही.

"साहेब, आजचा दिवस द्या," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत नाही जमलं, तर किंमत मीच सांगतो."

त्यांनी सीटखालच्या कॅनव्हासच्या पिशवीतून एक वही काढली. फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते; यांनी निवृत्तीनंतरही सवय सोडलेली नाही. किलोमीटर, पेट्रोल, काम, तारीख, सगळं एका हाताचं, एका शाईचं. गेल्या चौदा महिन्यांत 'कार्बोरेटर साफ केला' अशी नोंद चार वेळा. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. दोनदा नवीन किट. दर वेळी आठ-दहा दिवस बरं, मग पुन्हा तेच. कोणत्या गॅरेजात, ते मी विचारलं नाही.

आधी सहाही प्लग काढले. सगळे पांढरेफटक. याचा अर्थ पेट्रोल कमी, हवा जास्त. एखाद-दुसराच पांढरा असता, तर त्या पोर्टाचं पॅकिंग हवा घेतंय असं धरलं असतं. सहाच्या सहा म्हटल्यावर हवा सगळ्यांच्या वाटेत, म्हणजे कार्बोरेटरपाशीच शिरतेय. इंजिनाची ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलं, तर सुई अकरा ते पंधरा इंच अशी झोके खात होती.

मग तेलाची कुपी घेतली. काही जण इथे पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. तापलेल्या इंजिनावर मी तो धोका घेत नाही. थ्रॉटलचा शाफ्ट, म्हणजे रेस दिली की हवेची झडप फिरवणारा दांडा, कार्बोरेटरच्या अंगातून जिथे बाहेर येतो, तिथे इंजिन ऑइलचे दोन थेंब टाकले. थेंब बाहेर ओघळले नाहीत, आत खेचले गेले. आणि तीन-चार सेकंद इंजिन एकदम शांत, सरळ चाललं. तेल ओढून झालं आणि दमा पुन्हा सुरू.

सुभेदारसाहेब पुढे सरकले. "काय केलंत?"

"भोक बुजवलं. चार सेकंदांपुरतं."

कार्बोरेटर उतरवून बाकावर ठेवला. दिसायला लखलखीत, चार वेळा धुतलेला ना! पण शाफ्टचं टोक चिमटीत धरून हलवलं तर वर-खाली खडखड. बटरफ्लाय, म्हणजे ती झडप, काढून शाफ्ट बाहेर घेतला. मधे मूळची गुळगुळीत जाडी, आणि दोन्ही टोकांना, जिथे तो भोकात फिरतो तिथे, नखाला लागेल अशी खाच. भोकंही गोल राहिली नव्हती. रिटर्न स्प्रिंग वर्षानुवर्षं एकाच बाजूला ओढते, त्यामुळे भोक त्या बाजूला झिजून अंडाकृती होतं. तिथून शिरणारी हवा कुठल्याच जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या, हिशोबात नसते. जेट कितीही साफ करा, किट कितीही बदला, या भोकाला त्याचं काही नाही.

लेथवर भोक मोठं करून पितळी बुश मारता येतो. मी पुष्कळ वेळा मारून घेतलाय आणि चांगला चालतो. पण या अंगाला खालच्या कानापाशी, जिथे नट बसतो तिथे, भेग होती, कुणीतरी नट जीव खाऊन आवळलेला. फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरी भुकटी, धातू खाल्लेला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी तळाला बसतं. असल्या अंगावर बुशाचे पैसे घालवणं मला पटलं नाही.

सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मी एक कार्बोरेटर उचलला होता. मेणकागदात गुंडाळलेला, लष्करी नंबराचा पत्रा बांधलेला, कधीच न बसवलेला. तेव्हा माझ्याकडे ती गाडीही नव्हती, गिऱ्हाईकही नव्हतं. आमच्या मंडळींनी 'हे कशाला आणलंत' म्हणून ऐकवलं होतं. तो त्या दिवशी कपाटातून निघाला.

न वापरलेला म्हणजे नवा नव्हे. पॅकिंग पापडासारखी मोडली, ती नवी कापली. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं चामडं सुकून कडक झालेलं, ते कोमट तेलात भिजत घातलं. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला, आत डुचमळलं नाही. तरी गरम पाण्यात बुडवून धरला, कारण केसाएवढी चीर कानाला कळत नाही, गरम पाण्यात मात्र आतली हवा फुगून बुडबुडे येतात. एकही आला नाही. नीडल नवी टाकली, पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या.

दुपारी दोनला बसवून गाडी चालू केली. बरी होती, पण ठीक नव्हती. रेस अजून किंचित डुलत होती. सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले. मला ते बोलण्याहून जड गेलं.

परत तेलाची कुपी. शाफ्टपाशी काही फरक नाही. बुडाभोवती थेंब टाकत गेलो आणि मागच्या कोपऱ्याला इंजिन सावरलं. खालचा बेकेलाइटचा ठोकळा, जो मॅनिफोल्डची धग कार्बोरेटरला लागू देत नाही, तोच वाकलेला. त्यावर पट्टी ठेवली, तर दहा थाऊची, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाएवढी जाड, पाती खालून सरळ आत गेली. ज्या आवळण्याने कान तडकला, त्यानेच हाही वाकला असणार. जाड काचेवर पॉलिशपेपर पसरून माझ्या हाताखालचा पोरगा पाऊण तास तो ठोकळा आठच्या आकड्यात घासत बसला. या वेळी नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले.

सुई अठरावर गेली आणि थांबली. समुद्रसपाटीला ही याहून दोनेक इंच वर दिसली असती. आमच्या उंचीला अठरा म्हणजे उत्तम.

यवतेश्वरचा घाट चढून आलो. आवाज भरून यायचा तसा आला, पण पूर्ण दाबल्यावर थोडी दबत होती, प्लगही अजून फिकट. हा कार्बोरेटर जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचा. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते; २० टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण १३.५ पटच लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला. जेटमध्ये तार घालून भोक वाढवणारे आहेत. मी तसं करत नाही, माझ्याकडे जेटचा डबाच आहे.

मग शेवटी एअर क्लीनर बसवायला घेतला आणि हात थांबला. हा तेलाच्या तळ्याचा क्लीनर, खालच्या वाटीत तेल असतं, धूळ त्यात अडकते. वाटी कोरडी ठणठणीत, तळाला मातीची खपली. ती धूळ सरळ आत जात होती आणि शाफ्टच्या भोकात तेलाशी मिसळून ग्राइंडिंग पेस्टचं काम करत होती.

"साहेब, यातलं तेल कधी बदललं होतं?"

त्यांनी वही उघडली. एकेक पान मागे जात राहिले. शेवटी बोट थांबलं ते २०१९ वर.

"त्यानंतर नाही," ते म्हणाले. खूप वेळ त्या पानाकडे बघत राहिले. "प्रत्येक वेळी कार्बोरेटर लिहिला. ही वाटी कुणी उघडली नाही. मीही नाही."

वाटी मी धुतली. तेल त्यांनी स्वतःच्या हाताने खुणेपर्यंत ओतलं, हात न थरथरता. मग डायरीत तारीख घातली, किलोमीटर घातले. 'कार्बोरेटर बदलला' असं लिहिलं आणि त्याखाली वेगळ्या ओळीत 'एअर क्लीनर तेल', आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"सही करा मिस्तरी. आमच्यात काम करणाऱ्याची सही लागते."