पावसाळ्यातला प्रॉम्प्ट

वेंगुर्ले, रात्री उशिरा

दिवसभर पावसाने उसंत दिली नाही. असा पाऊस लागला की आमच्याकडचं नेट ये-जा करतं आणि पुण्याच्या सर्व्हरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर काम करू देणाऱ्या जोडणीने, जोडलेलं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) गोठतं. मग जोडणी तुटल्याची ओळ येते आणि तिच्याखाली प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारा छोटा मजकूर. पण हा प्रॉम्प्ट आपल्याच लॅपटॉपचा! ते ध्यानात आलं नाही, तर सर्व्हरवर द्यायची कमांड घरच्या फायलींवर चालेल. म्हणून प्रॉम्प्टमध्ये मशीनचं नाव हवंच, आणि सर्व्हरचं नाव लाल रंगात.

संध्याकाळी भाचा शेजारी येऊन बसला. डिप्लोमाला आहे. "मामा, हो डॉलर कित्याक?" मला फार बरं वाटलं, प्रॉम्प्टच्या शेवटी असलेल्या त्या $ चिन्हाकडे सहसा कोणी बघत नाही. १९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत स्टीव्हन बॉर्न यांचा शेल आला. शेल म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. साध्या वापरकर्त्याला $, रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला, # ही त्याची रीत. बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये %, झेडशेलमध्येही तोच. # दिसला की हात जपून चालवायचा, कारण रूटला फायलींच्या परवानग्या अडवत नाहीत.

मग त्याला पीएस१ दाखवला. आम्ही वापरतो त्या बॅश शेलचा नेहमीचा प्रॉम्प्ट याच व्हेरिएबलमधून येतो. बॅकस्लॅशपुढे यू लिहिला की वापरकर्त्याचं नाव, एच लिहिला की मशीनचं, लहान डब्ल्यूला पूर्ण पाथ, मोठ्याला फक्त शेवटची डिरेक्टरी.

रंगांपाशी मात्र आम्ही बराच वेळ रमलो. रंगाचे कोड पडद्यावर जागा घेत नाहीत, पण बॅशला ते कळत नाही. तो त्यांचीही अक्षरं मोजतो. मग लांब कमांड खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढते, वरचा बाण दाबला की जुन्या कमांडचे तुकडे मागे राहतात. उपाय छोटा आहे: प्रत्येक रंगकोडाच्या आधी बॅकस्लॅशसह उघडता चौकोनी कंस, नंतर तसाच बंद कंस. भाच्याने कंस काढून पाहिले, परत घातले. शिकायची हीच पद्धत मला आवडते.

मला सगळ्यात प्रिय आहे तो $? चा आकडा. मागची कमांड नीट झाली तर ०, नाहीतर दुसरं काही. तो प्रॉम्प्टमध्ये आणायचा तर पीएस१ एकेरी अवतरणात लिहावा. दुहेरीत लिहिला की त्या क्षणाचा आकडा कायमचा चिकटतो, पुढे काहीही बिघडलं तरी तोच.

भाच्याला प्रॉम्प्टमध्ये गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची) चालू शाखा, घड्याळ, बॅटरी असं सगळं हवं होतं. शाखा ठीक आहे, पण प्रत्येक एंटरला गिट चालतं आणि रेपो, म्हणजे गिटमधला कोडचा साठा, मोठा असला तर प्रॉम्प्ट रेंगाळतो. बाकीचं मी नको म्हटलं. बदल बॅशआरसीत, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतो त्या फायलीत, लिहिले, जुनी प्रत बाजूला ठेवली. उद्या त्याला पीएस४ दाखवायचा आहे, सेट -एक्स लावलं की स्क्रिप्टमधली प्रत्येक कमांड चालताना पडद्यावर दिसते, तिच्याआधी + छापतो तो.