‘कशाने वारले?’ : जन्माच्या दाखल्यासाठी सहा महिने

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969, कलम 17. हे आधी वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या, मग पुढचं वाचा. मृत्यूच्या नोंदवहीत माणूस कशाने गेला ते लिहिलेलं असतं, पण लोकांना जो उतारा मिळतो त्यात मृत्यूचं कारण द्यायचं नाही, असं हे कलम सांगतं. म्हणूनच मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचा रकाना नसतो. ज्यांच्या घरात काही घडून गेलंय त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. माझा जन्माचा दाखला काढायला निघालो त्या जुलैतच मला ती माहीत असती तर माझा एक हंगाम वाचला असता आणि माय तहसीलच्या खिडकीसमोर रडली नसती.

मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावची. घरचे ऊसतोडीला जाणारे. माझा जन्म डिसेंबर 2008 चा, कृष्णाकाठच्या एका गावाच्या शिवारात, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत. टोळीतल्याच एका म्हातारीनं नाळ कापली. आठ दिवसांत टोळी दुसऱ्या फडावर गेली. नोंद करायची असते हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढं शाळेत घालताना गुरुजींनी जन्मस्थळ म्हणून आमचंच गाव लिहून टाकलं.

2016 ला अण्णा, माझे वडील, गेले. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तो उन्हाळा. मी सात वर्षांची होते. डबा घेऊन शेतातल्या आखाड्यावर गेले आणि तिथं सगळ्यात आधी मीच पोचले. त्यापुढचं मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते, की माझं ओरडणं ऐकून माणसं मागून पळत आली, आणि तेव्हापासून मागून कुणाच्या पळण्याचा आवाज आला की माझं अंग लाकडासारखं व्हायचं. शाळा सुटल्यावर पोरं गेटकडं धावायची तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभी राहायचे.

पळायला लागले ते त्याच भीतीनं. आठशे मीटरला पहिल्या फेरीतच सगळ्यांच्या फार पुढं निघायचे, मागचा आवाज बंद झाला की जीव शांत व्हायचा, आणि शेवटच्या दोनशेला पाय संपायचे. पीटीच्या सरांनी एक वर्ष हे बघितलं. एकदा म्हणाले, ‘‘कुणापासून पळतीयेस ग?’’ मी काही बोलले नाही. त्यांनी परत कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला चार गुणिले शंभरच्या रिलेत घातलं, तिसऱ्या टप्प्याला.

ज्यांनी रिले धावली नाही त्यांना सांगते. तिसरीनं वळणाच्या तोंडाशी, तीस मीटरच्या पट्ट्यात, पुढं तोंड करून थांबायचं. मागं जमिनीवर फक्कीची एक खूण असते. दुसरी त्या खुणेवर आली की आपण सुटायचं, आणि एकदा सुटलं की मागं बघायचं नाही. ती ‘‘घे!’’ म्हणाली की उजवा हात मागं न्यायचा. म्हणजे माझ्या मागून एक माणूस जिवाच्या आकांतानं पळत येणार आणि मी वळायचं नाही. पहिले पंधरा दिवस मी दर वेळी वळले. कधी तर सुटलेच नाही, जागच्या जागी उभी. बॅटन म्हणून आमच्याकडं पाइपलाइनचा वीतभरापेक्षा थोडा मोठा तुकडा होता, तो किती वेळा मातीत पडला त्याची गणतीच नाही.

यावर उपाय दुसरीनं काढला. (आम्ही चौघी एकमेकींना टप्प्यांनीच हाका मारतो. ती दुसरी, मी तिसरी.) ती माझ्याकडं येताना शेवटच्या वीसेक मीटरला पळता पळता बोलायला लागली, ‘‘मी हाय, मी हाय, मी हाय, घे!’’ दम त्यात जायचा, सर ओरडायचे, पण ती थांबली नाही. महिन्याभरात मागचा आवाज माझ्यासाठी तिचा आवाज झाला. शाळा सुटताना भिंत धरणंही कमी झालं. हे सगळं इतकं सविस्तर लिहिते, कारण पुढं त्या खिडकीनं नेमकं हेच मोडलं.

जुलै 2024 ला सरांनी सगळ्यांचे कागद मागवले. वयोगटासाठी जन्माचा दाखला लागेल, नुसत्या बोनाफाईडवर भागणार नाही, असं ते म्हणाले. माझा नव्हता. गावातल्या एकानं आपल्याच ग्रामपंचायतीतून जुळवून देतो म्हणून पैसे मागितले. मायनं त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि बरं केलं. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, हा नियम आहे. एकवीस दिवसांत केली तर फुकट, एक वर्ष उलटलं की अधिकाऱ्याचा आदेश लागतो. 2023 च्या दुरुस्तीआधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडं जावं लागायचं, आता ते महसूल खात्याकडं आलंय. म्हणजे आम्हाला रात्रभराचा एसटीचा प्रवास करून त्या गावाला जाणं आलं. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निदान तेवढं झेपलं.

ग्रामपंचायतीतून ‘नोंद आढळत नाही’ हा नमुना 10 चा दाखला एका दिवसात मिळाला. त्या हंगामात आमच्या टोळीत असलेल्या दोघांची शपथपत्रं झाली. अर्जदार माय, कारण मी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली. त्यानंतर तहसीलची खिडकी.

ऑगस्टचा पहिला आठवडा. आमच्या मागं पंधरा-वीस माणसं. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी कागद चाळले आणि वर न बघता विचारलं, ‘‘वडील कुठंयत?’’ माय म्हणाली, वारले. मृत्यूचा दाखला जोडलेला होता, त्यांच्या हाताखालीच होता. तरी पुढचा प्रश्न आला, ‘‘कशाने?’’

मायनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, ‘‘अटॅकनं.’’

आठ वर्षांत मी तिला खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. भाऊसाहेब म्हणाले, ‘‘मग दवाखान्याचे कागद आणा.’’ फाइल परत. आम्ही रात्रीच्या गाडीनं गावाकडं निघालो. दुसऱ्या दिवशी मला झोपच येईना. रात्री एकच्या पुढं मामाच्या मोबाइलवर अविनाश साबळेंची पॅरिसची अंतिम फेरी बघितली. आमच्याच जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचलेले पहिले भारतीय. अकरावे आले. मी त्यांची प्रत्येक उडी बघितली आणि डोक्यात एकच चाललं होतं, की दवाखान्याचे कागद आम्ही कुठून आणायचे.

सप्टेंबरात परत गेलो. यावेळी मायनं खरं सांगितलं, अगदी हळू आवाजात. भाऊसाहेबांना ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं. तिनं परत सांगितलं. मग ते रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘आत्महत्या का? मग अटॅक कामून सांगितलं? पंचनामा आणा, पोस्टमॉर्टेम आणा, ठाण्याचं पत्र आणा.’’ माय तिथं उभ्या उभ्या रडली. रांगेतल्या एका बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मागून कुणीतरी खिडकीकडं पळत आलं, जेवायची सुट्टी व्हायच्या आत काम उरकावं म्हणून असेल, आणि माझं अंग पुन्हा लाकडासारखं झालं. मला हलताही येईना. मायनंच मला दंडाला धरून बाहेर आणलं.

घरी पत्र्याची पेटी होती. अण्णा गेल्यावर मदतीच्या एक लाखासाठी जी फाइल केली होती तिच्या झेरॉक्स त्यात होत्या. ते प्रकरण अपात्र झालं, जमीन आजोबांच्या नावावर होती म्हणून. तेव्हापासून मायनं ती पेटी उघडली नव्हती. तिला वाचता येत नाही, म्हणून कागद मी काढले. पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती : ‘मयताची मुलगी, वय 7 वर्षे, हिने प्रथम पाहिले.’ माझं नावही होतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं. मला माहीतच नव्हतं की मी कुठं लिहिलेली आहे.

त्यानंतर मी पाच आठवडे मैदानावर गेले नाही. जिल्ह्याची रिले माझ्या जागी नववीतली एक मुलगी धावली. मी गेले होते बघायला, तिघींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या धरून उभी होते. तिसऱ्या बदलाला बॅटन पडली. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघी घरी आल्या, माय शेंगा फोडत होती तिच्याजवळ बसल्या आणि त्याही फोडायला लागल्या. अंधार पडेस्तोवर बसल्या. जाताना दुसरी म्हणाली, ‘‘सकाळी साडेपाचला येते मी.’’ आणि आली.

त्याच दिवसांत सरांनी मला 14416 हा नंबर दिला. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनीही काय झालं होतं ते आधी विचारलं नाही, आता काय होतंय ते विचारलं. मी चार वेळा फोन केला. लहान मुलांसाठी 1098 पण आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी लाजू नये.

दिवाळीनंतर माय हंगामाला गेली. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, माय एकटी म्हणून अर्धा कोयता, ती मामाबरोबर जाते. यंदा तिनं मुकादमाला सांगून मुद्दाम त्याच भागातली टोळी धरली, म्हणजे तहसील जवळ पडेल. हे तुम्हालाही जमलं तर असंच करा. फक्त कामाचा दिवस बुडाला की खाडा धरतात, त्याची तयारी ठेवा. मी गावात हंगामी वसतिगृहात होते, तिथून एकटी एसटीनं गेले.

तहसीलच्या बाहेर झाडाखाली शपथपत्र टाइप करणारे एक काका बसतात. मी त्यांच्याकडं फाइल दिली. त्यांनी एकेक कागद बघितला, पंचनाम्यापाशी थांबले, तो काढून माझ्या हातात दिला. ‘‘हे कुणी जोडायला सांगितलं?’’ मी खिडकीकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, ‘‘नोंद तुझ्या जन्माची करायचीय. वडलांच्या मरणाची नोंद कधीच झालीय, दाखला हा बघ. हे घरचं आहे पोरी, घरी ने.’’ आणि त्यांनी मला कलम 17 सांगितलं. अर्जाखाली एक ओळ टाइप केली, की वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला आहे, मृत्यूचे कारण सदर अधिनियमाच्या कलम 17 नुसार उताऱ्यात दिले जात नाही, सबब त्याबाबतचे इतर कागद जोडलेले नाहीत. त्या ओळीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

मी खिडकीवर गेलेच नाही. मायला घेऊन सरळ नायब तहसीलदार मॅडमच्या दालनात गेले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, अर्जावर शेरा मारला आणि तो आत पाठवला. दोन मिनिटंही लागली नसतील. मला राग येतो तो याचाच. भाऊसाहेब वाईट माणूस असतील असं मी म्हणत नाही. पण मायला जे दोनदा सांगावं लागलं, ते सांगायची गरजच नव्हती. मदतीच्या प्रकरणात कारण विचारतात ते समजू शकते, ती मदतच त्या कारणासाठी असते. जन्माच्या दाखल्याला ते कशाला? कुणी विचारलं तर शांतपणे म्हणा, दाखला जोडलाय. त्यापुढं एक शब्द बोलू नका, आणि आमच्यासारखं खोटंही सांगू नका, ते अंगाशी येतं.

आदेश डिसेंबरअखेर झाला. जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीनं नमुना 5 चा, म्हणजे जन्माचा, दाखला दिला. नशीबच म्हणायचं, कारण त्याच महिन्यात सरकारनं उशिराच्या नोंदी राज्यभर थांबवल्या आणि मार्चमध्ये नवी, जास्त कडक पद्धत काढली. तेव्हा जाण्याआधी तुमच्या तहसीलला आताचे कागद विचारून घ्या. दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून नावाचं स्पेलिंग आधारशी ताडून बघा. माझ्या मायच्या नावात चूक होती, लगेच दाखवली म्हणून लगेच सुधारली.

2025 ला आम्ही चौघी अकरावीत, एकोणीस वर्षांखालच्या गटात. जिल्ह्याच्या मैदानावर तिसऱ्या टप्प्याला उभी राहिले. फक्कीची खूण स्वतः पावलं मोजून मारली, बावीस पावलं. दुसरीनं सरांना वचन दिलं होतं, की स्पर्धेत बोलणार नाही, दम वाचवेल. ती खुणेवर आली तशी मी सुटले. मागून फक्त पायांचा आवाज होता. मी हात मागं नेला आणि बॅटन तळव्यात बसली. दुसऱ्या आलो. माय फडात होती, संध्याकाळी मामाच्या फोनवर तिला सांगितलं तर तिनं पहिल्यांदा विचारलं, ‘‘पडली नाही ना?’’

सरांकडं यंदा आठवीतल्या दोन मुली आल्यात, दोघीही कोपीत जन्मलेल्या. एकीला वडील नाहीत. तिची माय हंगामावर गेली की मी तिच्याबरोबर जाणार आहे. कलम 17 च्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात.