"हलतंय गं हे"

आमचं कमोड हलतं हे घरात सगळ्यांत आधी सासूबाईंना कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या उठताना डाव्या बाजूला भार देऊन उठतात. "हलतंय गं हे," असं त्यांनी निदान चारदा तरी सांगितलं असेल. मी बसून पाहिलं, नवऱ्यानं बसून पाहिलं, आम्हाला काही जाणवलं नाही. वयामुळे भास होत असेल, असं आम्ही मनातल्या मनात ठरवून टाकलं.

ऑगस्टात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या संडासाच्या छताला पोळीएवढा डाग पडला होता. आमची डोंबिवलीतली इमारत जुनी, पावसाळ्यात कुठे ना कुठे ओल येतेच, म्हणून मी आधी सेक्रेटरींना गाठलं. त्यांनी शांतपणे उपविधींचं पुस्तक काढलं. बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीनं बघायची, घरातल्या फिटिंगची ज्याची त्यानं. बाहेरचा पाइप पाहिला तर कोरडा ठणठणीत. म्हणजे पाणी आमचंच.

पहिल्या प्लंबरनं कमोडच्या बुडाशी चहूबाजूंनी पांढरं सिमेंट भरलं आणि ८०० रुपये घेतले. पंधरा दिवसांत त्याला भेग पडली. दुसऱ्यानं उभ्याउभ्या चार वेळा फ्लश केला, बुडाशी बोट फिरवलं, बोट कोरडं. "खालच्या लाइनीत आहे. फरशी, कोबा सगळं उचकटावं लागेल," म्हणाला. अंदाज ३५ हजार.

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. आमच्याकडे संडास-बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्यात पाइप टाकतात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. पाणी एकदा त्या भरावात शिरलं की भराव ते पिऊन बसतो आणि सवडीनं, भलत्याच कोपऱ्यातून, खालच्यांच्या छतात सोडतो. डाग कुठे आहे यावरून गळती कुठे आहे ते कळत नाही. पण ३५ हजार खर्चून शोधायच्या आधी मी १० रुपयांची नीळ आणली.

टाकीत चमचाभर नीळ घातली आणि अर्धा तास कोणालाही फ्लश करू दिला नाही. भांड्यातलं पाणी स्वच्छच राहिलं, म्हणजे टाकीचा वॉशर शाबूत. मग कमोडभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरल्या आणि फ्लश केला. कोरड्या. पुन्हा नीळ, पुन्हा फ्लश, पुन्हा कोरड्या. दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोणी बसल्याशिवाय ते हलणार कसं?"

"आई, मग तुम्हीच बसा. नेहमी उठता तशा डावीकडे कला."

त्या बसल्या, कलल्या, मी फ्लश दाबला. मागच्या बाजूची पट्टी निळी झाली. प्लंबर उभा राहून फ्लश करत होता, तेव्हा कमोड जागचं हललं नाही आणि कमोड-पाइपाचा सांधाही उघडला नाही. सासूबाई त्यानंतर दोन दिवस आमच्याशी फार प्रेमानं वागत होत्या, जे जास्त लागलं.

हार्डवेअरच्या दुकानात गेले तर शेठनं विचारलं, "ताई, पी ट्रॅप की एस ट्रॅप?" मी परत घरी. कमोडमागचं तोंड भिंतीत गेलं असेल तर पी, जमिनीत गेलं असेल तर एस. आमचं एस निघालं. शेठनं कमोडचं तोंड पाइपाला जोडणारा, ४ इंची पाइपात बसणारा रबरी पडद्यांचा पॅन कनेक्टर, स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकतात त्या जाड गिट्ट्या, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि पांढरं सिमेंट दिलं. वर एक ताकीद: "स्क्रू आवळताना जोर लावायचा नाही. अर्धा फेरा जास्त झाला तर चिनी मातीला तडा जातो."

सासूबाईंना दोन दिवस नणंदेकडे ठाकुर्लीला पाठवलं आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघं कामाला लागलो. पहिल्याच पायरीला अडलो. टाकीला पाणी देणारा नळ, म्हणजे अँगल कॉक, फिरत होता, पण पाणी बंद होत नव्हतं. शेवटी गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा वॉल्व्ह बंद केला, तोही त्या लाइनीतल्या सगळ्यांच्या दारावर टकटक करून सांगितल्यावर. भांड्यातलं उरलेलं पाणी मगानं आणि स्पंजानं काढलं. हे काम मी केलं, कारण नवऱ्याला एकदम फोन आला.

जुनं सिमेंट छिन्नीनं काढायला दीड तास लागला. हातोडीचे हलके टोले, एकाच जागी दोन नाहीत. कमोड दोघांनी उचलून बाजूला ठेवलं. पाइपाच्या उघड्या तोंडातून जो वास आला त्याबद्दल लिहीत नाही. तोंडात फडक्याचा बोळा कोंबला, पण त्याला आधी सुतळी बांधून ती बाहेर ठेवली. बोळा आत गेला असता तर खरोखरच कोबा फोडावा लागला असता.

खाली पाहिलं तेव्हा सगळा उलगडा झाला. स्क्रू लाकडी गुल्ल्यांत मारलेले होते, गुल्ल्या कुजून भुसा झालेला. सांधा म्हणजे सुतळी आणि सिमेंट. सिमेंट ताठ, ते कशाला वाकेल? कमोड हललं तसं ते अर्धचंद्रासारखं फुटलं होतं. आणि कमोड हलण्याचं कारण फरशीचा ढाळ. फरशी न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीवरचं पाणी जाण्याच्या जाळीकडे, उतरती हवीच (आपल्या न्हाणीचं नाव देशभरातले प्लंबर घेतात, याचं मला उगाच बरं वाटतं), पण त्या उतारावर कमोड ठेवताना डावी बाजू नुसत्या सिमेंटवर टेकवली होती. त्या सिमेंटचं पीठ झालं होतं.

भोकं साफ करून गिट्ट्या ठोकल्या. कनेक्टरला साबणाचं पाणी लावून तो पाइपात बसवला, बोळा आठवणीनं काढून. कमोड वर ठेवलं, पाणसळ ठेवली, डावीकडे दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी. तिथे प्लास्टिकच्या पाचरी सरकवल्या. मग एकदा डावा स्क्रू, एकदा उजवा, हात रोखून. सिमेंट लावायच्या आधी नवऱ्याला वर बसवून, डावीकडे कलवून, निळीची परीक्षा पुन्हा घेतली. पट्ट्या कोरड्या. सिमेंट तीन बाजूंनीच भरलं, मागे दोन इंच मोकळं सोडलं. पुन्हा गळलंच तर पाणी आधी आमच्या फरशीवर दिसावं, काकूंच्या छतात नाही. सगळ्या सामानाचे हजार रुपयेही झाले नाहीत.

सिमेंट सुकेपर्यंत २४ तास वापर बंद. घरात संडास एकच. रात्री साडेदहाला मी निमूट खाली गेले आणि ज्यांच्या छताला आम्ही डाग पाडला, त्यांच्याच दारात टॉवेल घेऊन उभी राहिले. काकूंनी दार उघडलं, हसल्या आणि म्हणाल्या, "ये, जा. आणि आत बसून वर बघ जरा, रोज काय दिसतं मला."

बसले आणि वर पाहिलं. डाग आता पोळीएवढा राहिला नव्हता, ताटाएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेले आणि डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घातली. भराव सुकायला वेळ लागतो, पहिला आठवडा काहीच बदललं नाही, काकूंचा चेहराही नाही. दिवाळीत पाहिलं तर डाग रेघेच्या दोन बोटं आत आला होता. मी रंगाचा खर्च देते म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "घाई कसली? एक उन्हाळा जाऊ दे. रेघ पुसू नकोस तेवढी."