इंजिनचा नंबर

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पुण्यातले मित्र, इथले स्टुटगार्टचे मराठी लोक, कोल्हापूरची आत्या, सगळ्यांचा एकच प्रश्न, नऊ वर्षं मरमर करून उभी केलेली गाडी वीस हजार युरो कमी घेऊन का दिलीस? कुणी म्हणतं घाई केलीस, कुणी म्हणतं तुला भाव करता येत नाही. घाई नव्हती, आणि भावही मला करता येतो.

विकायला का काढली ते सोपं आहे. गॅरेजची जागा सोडावी लागत होती आणि दुसरी परवडत नव्हती. कमी पैसे का घेतले ते अवघड आहे.

गाडी १९६९ ची पोर्शे ९११ टी, रंग आयरिश ग्रीन. त्या एकाच मॉडेल वर्षात जुनं दोन लिटरचं इंजिन आणि ५७ मिलिमीटरनी वाढवलेला व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) हे दोन्ही एकत्र मिळतं, पुढच्या वर्षी इंजिन २.२ चं झालं. म्हणून या वर्षाच्या गाड्या शोधणारे लोक आहेत. आणि हे लोक सगळ्यात आधी बघतात नंबर. कारखान्याच्या नोंदीत त्या गाडीच्या चासी नंबरापुढे जो इंजिन नंबर आहे तोच इंजिनवर पंच केलेला असेल तर मॅचिंग नंबर्स, नसेल तर किंमत खाली. माझ्या गाडीचा जुळत नव्हता. आणि तो मीच घालवला होता.

पत्र्याचं काम सांगत बसत नाही, साडेपाच वर्षं त्यातच गेली. पोर्शेचा गॅल्वनाइज्ड पत्रा १९७६ च्या मॉडेलपासून, त्याआधीच्या गाड्या आतून गंजत जातात. ६९ ला एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या आल्या, पुढे हेडलाइटच्या मागे दोन्ही बाजूंना, त्या पेट्यांचा तळ माझ्या बोटाने खाली पडला. पण पत्रा नवीन कापून बसवता येतो.

२०१२ च्या फेब्रुवारीत इंजिन उघडलं. सहा सिलिंडर, प्रत्येकाला चार असे चोवीस हेड स्टड, म्हणजे सिलिंडर आणि हेड केसला आवळून धरणारे लांब बोल्ट. ते स्टीलचे आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, ज्यावर तो नंबर असतो, मॅग्नेशियमचा, इंजिन तापलं की मॅग्नेशियम जास्त फुगतो, स्टड तेवढा वाढत नाही, आणि वर्षानुवर्षं ओढ बसून बसून आटे निघून येतात. माझे सात निघाले होते. एक स्टड मी हातानेच बाहेर काढला, पाना न लावता, तर त्याच्या टोकाला मॅग्नेशियमची चांदीसारखी तार गुंडाळलेली, केसातल्या क्लिपच्या स्प्रिंगएवढी. ते आटेच होते, अख्खे. ज्या वर्कशॉपमध्ये काम चाललं होतं तिथला माणूस म्हणाला, हा केस गेला, त्याच वर्षाचा दुसरा माझ्याकडे पडलाय, स्वस्तात देतो. मी हो म्हटलं. जुना केस भंगारात जाऊ दे म्हटलं, कारण ठेवायला जागा नव्हती. दहा मिनिटांत विषय संपला, मी घरी येऊन जेवलो.

त्या रविवारी नानांना फोनवर सांगितलं. माझे वडील कोल्हापूरला फाउंड्रीत होते, शिरोलीला, एकतीस वर्षं. ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरं, आटं गेलं म्हणून कोण कास्टिंग टाकतंय व्हय? ड्रिल मारायचं, बुश घालायचं, नवीन आटं पाडायचं." मी म्हटलं, नाना, हे मॅग्नेशियम आहे, तुमचं बीड नव्हे. ते म्हणाले, बरं. नंतर कळलं की नेमकं तेच करतात, स्टीलचे इन्सर्ट बसवतात, सगळीकडे करतात. सोमवारी वर्कशॉपला फोन केला तेव्हा भंगारची गाडी येऊन गेली होती.

तेव्हाच्या मला आज धरून विचारावंसं वाटतं, तू फाउंड्रीवाल्याचा मुलगा ना रे? पण तो उलट विचारतो, तुला तेव्हा गाडी चालवायची होती की विकायची होती? चालवायचीच होती. चालवणाऱ्याला नंबरचं काय? आणि खरंच, नंतरची तीन वर्षं ती त्या दुसऱ्या केसवर सुरेख चालली, तेलाचा एक थेंब खाली नाही. मग मी चुकलो का? मला अजून ठरवता येत नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. जाहिरात द्यायच्या आधी एका ओळखीच्या माणसाने सुचवलं की पंख्याच्या बाजूला केसवर नंबराची जागा असते, ती घासून जुना नंबर पंच करता येतो, अक्षरांचे ठसेसुद्धा मिळतात. जुना नंबर माझ्या वहीत होताच. मी लगेच नाही म्हटलं नाही. तीन दिवस लागले. तिसऱ्या रात्री गॅरेजमध्ये जाऊन टॉर्च लावून ती जागा बघत बसलो होतो, बोट फिरवून. बायकोने फोन केला, कुठे आहेस, तेव्हा खोटं सांगितलं, आणि ते खोटं तोंडातून गेल्यावर मग त्या माणसाला नाही कळवलं. जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं की इंजिन मूळ नाही.

वुपर्टालहून एक रिटायर्ड डेंटिस्ट आले. रंगाची जाडी मोजायचं यंत्र, छोटा आरसा, सगळं घेऊन. आरसा लावून नंबर बघितला, कागदाशी ताडला, आणि म्हणाले, मूळ केसचं काय झालं? मी सांगितलं, भंगारात गेला, माझ्या सांगण्यावरून. ते म्हणाले, असं कुणी सांगत नाही. आणि तरी वीस हजार कमी केलेच, जे बरोबरच होतं, मी घासाघीस केली नाही.

म्हणून कमी घेतले. प्रामाणिकपणाबद्दल पाठ थोपटू नका, तीन दिवसांचं वर लिहिलंय.

डेंटिस्ट अजून अधूनमधून फोन करतात. परवा विचारत होते, तेल काठीवर दिसतच नाहीये. त्यांना सांगितलं, इंजिन चांगलं तापू द्या, सपाट जागी चालू ठेवा आणि मग बघा, ड्राय संप आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत असतं, बंद इंजिनात खरं माप मिळत नाही. तो स्टड माझ्याकडेच आहे, टेबलाच्या खणात, तार अजून तशीच टोकाला. त्यांनी मागितला नाही, मीही दिला नाही.