वागळे इस्टेटचे ईएसआय आणि तैवानचे आरोग्य कार्ड

तैवानमध्ये आरोग्य विमा घ्यावा की नाही, हा प्रश्न कोणापुढे येतच नाही. १ मार्च १९९५ पासून तो कायद्याने बंधनकारक आहे आणि विमा उतरवणारी संस्था देशभरात एकच, सरकारची आहे. माझ्यासारखा परदेशी नोकरदारही कामावर रुजू होताच त्यात येतो.

ठाण्याहून नातेवाईक हप्ता विचारतात, तेव्हा मी आधी हे सांगतो, की येथे वय किंवा जुना आजार पाहून हप्ता ठरत नाही. तो ठरतो पगारावर: पगारश्रेणीच्या ५.१७ टक्के, आणि नोकरदारांच्या बाबतीत त्यातले ३० टक्के कर्मचारी, ६० टक्के मालक व १० टक्के सरकार भरते. म्हणजे ६०,८०० तैवानी डॉलरच्या श्रेणीतल्या माणसाच्या पगारातून दरमहा ९४३ डॉलर कापले जातात. अवलंबून असलेल्या प्रत्येक कुटुंबीयामागे तेवढीच रक्कम आणखी द्यावी लागते, मात्र तिघांच्या पुढे आकारणी नाही.

चिप असलेले कार्ड दाखवून थेट तज्ज्ञाकडेही जाता येते. चिठ्ठीशिवाय मोठे रुग्णालय गाठले, तर खिशातून जास्त द्यावे लागतात, इतकेच. मला सर्वांत मोलाची वाटते ती गंभीर आजारांची तरतूद. कर्करोग किंवा कायमचे डायलिसिस अशी नोंद झाली, की त्या आजाराच्या विमाबद्ध उपचारांतला रुग्णाचा हिस्सा माफ होतो. उणीवही आहे: विम्याच्या देशभरातल्या एकूण खर्चाला वार्षिक मर्यादा असल्याने दर तपासणीमागे मोबदला कमी पडतो, म्हणून डॉक्टर फार रुग्ण तपासतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात.

पगारातून वर्गणी आणि गरजेप्रमाणे उपचार, हे तत्त्व ठाण्याला नवे नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतील कामगार १९४८ च्या कायद्याने आलेल्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेत आजही ०.७५ टक्के भरतो आणि मालक ३.२५ टक्के. तैवाननेही १९५० मध्ये कामगार विम्यापासूनच सुरुवात केली, पुढे सरकारी कर्मचारी व शेतकऱ्यांसाठी वेगळ्या योजना काढल्या, आणि १९९५ मध्ये त्यांतील आरोग्य विमा एकत्र करून बाहेर राहिलेली मुले व वृद्धही त्यात घेतले. आपल्याकडे मात्र सर्वसाधारण कामगाराचा पगार २१,००० रुपयांच्या वर गेला, की चालू वर्गणी-कालावधी संपताच तो योजनेबाहेर पडतो, आणि खासगी विम्याच्या अर्जावर त्याला प्रथम वय व जुने आजार लिहावे लागतात. ही पगारमर्यादा उठवावी, असे मला मनापासून वाटते.