वेगळं होऊन नाचायचं नाही

"हात सोडू नकोस. सोडलास तर आपल्याला हॉलबाहेर काढतील," काकू म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती फिरवू लागल्या.

२०१८ चा ऑक्टोबर. एका अभ्यासवृत्तीवर मी तीन महिन्यांसाठी लाइपझिगला आले होते. शहराच्या पश्चिमेला लिंडेनाऊ नावाच्या जुन्या कामगारवस्तीत एका घरी खोली घेतली होती. घरमालकीणबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तोंडाने मी त्यांना आडनावानेच हाक मारायचे, पण मनात पहिल्या दिवसापासून त्या माझ्यासाठी काकूच झाल्या. पुण्यात शिकलेल्या जर्मनमध्ये मी त्यांना एकदा विचारलं, "तुमच्या तरुणपणी, साम्यवादी राजवटीत, संध्याकाळी तुम्ही काय करायचा?" माझ्या डोक्यात रांगा, भिंत, पहारेकरी असलं काहीतरी होतं. काकूंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नाचायचो. दर शनिवारी."

त्या काळी पूर्व जर्मनीतल्या नाचाच्या हॉलमध्ये पाटी असायची: 'आउसआइनांडरटान्झेन फरबोटेन', म्हणजे वेगळं होऊन नाचण्यास मनाई. जोडीने, हात धरूनच नाचायचं. हात सुटले की तो रॉक अँड रोल, आणि रॉक अँड रोल म्हणजे अमेरिका. पाटी फक्त पूर्वेतच होती असं नाही, पश्चिमेकडचे जुन्या वळणाचे हॉलही ती लावत. पण पूर्वेत तिच्यामागे सरकार उभं होतं.

नुसती मनाई पुरेना, तेव्हा सरकारने १९५९ मध्ये चक्क नवा नाच काढला. नाव लिप्सी. लाइपझिगचं लॅटिन नाव लिप्सिया, त्यावरून. संगीत रेने दुबियान्स्की या इथल्याच संगीतकाराचं, पदन्यास क्रिस्टा आणि हेल्मुट झायफर्ट या नृत्यशिक्षक दांपत्याचा. ताल चालता, थोडा लॅटिन अमेरिकन वळणाचा, म्हणजे तरुणांना नवा वाटेल असा. जोडी मात्र सुटायची नाही. काकू तेव्हा पंधरा वर्षांच्या, नृत्यवर्गात जाणाऱ्या. त्या वयाच्या मुलामुलींनी नृत्यवर्गाला जायचं आणि शेवटी आईवडिलांसमोर समारंभात नाचायचं, ही तिथली जुनी रीत. ती राजवटीच्या आधीपासून होती आणि राजवटीनंतरही उरली. मुलं एका भिंतीला, मुली दुसऱ्या भिंतीला, आणि मधली मोकळी फरशी कुणी आधी ओलांडायची या विचाराने सगळ्यांच्या पोटात गोळा.

काकू तोंडाने मोजत होत्या. एक दोन तीन, चार पाच सहा. दोन फेऱ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं, अरे, हा तर दादरा! लिप्सी सहा मात्रांचा आहे. मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं, धा धी ना, धा तू ना. काकूंना ते इतकं आवडलं की पुढे आठवडाभर भांडी घासताना त्या 'धा तू ना' म्हणायच्या. 'धा' काही केल्या त्यांच्या जिभेवर बसेना, तो 'दा'च व्हायचा.

"नाच वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "पण तो आमच्याकडे आला नव्हता, पाठवला होता. बाई वर्गात असेपर्यंत आम्ही लिप्सी नाचायचो. बाई बाहेर गेल्या की दुसरं."

हे दुसरं किती महागात पडायचं, ते शहरात हिंडताना कळत गेलं. त्याच १९५९ मध्ये लाइपझिगच्या रस्त्यावर काही तरुणांनी लिप्सी नको, एल्विस प्रेस्ली हवा अशा घोषणा दिल्या आणि त्यासाठी त्यांना तुरुंगात जावं लागलं. सहा वर्षांनी, १९६५ मध्ये, इथल्या बीट बँडवर, म्हणजे बीटल्सच्या धाटणीचं संगीत वाजवणाऱ्या बँडवर, बंदी आली. शहरात अठ्ठावन्न नोंदणीकृत बँड होते, त्यातल्या चोपन्न बँडचा परवाना गेला. लोकांचा लाडका 'बटलर्स' त्यातच. दोन मुलांनी लहान मुलांच्या खेळण्यातले रबरी शिक्के वापरून पत्रकं छापली: रविवारी सकाळी लॉयश्नर चौकात जमा. ३१ ऑक्टोबरला तिथे शेकडो तरुण आले. पोलिसांनी कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले. अडीचशेहून अधिक जणांना पकडलं, आणि त्यातल्या शंभराच्या आसपास मुलांना खटल्याशिवाय लिग्नाइटच्या खाणींवर मजुरीला धाडलं. डिसेंबरात सत्ताधारी पक्षाचे प्रमुख वाल्टर उल्ब्रिश्त यांनी भाषणात पश्चिमेकडच्या या 'ये-ये-ये'वर आगपाखड केली, ती अजून जर्मनीत प्रसिद्ध आहे.

विल्हेल्म लॉयश्नर चौकात मी अर्धा तास उभी होते. बरीचशी जागा मोकळी, गवत वाढलेलं, खाली लोकलचं नवं स्टेशन. गाणं ऐकायला मिळावं म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुलं इथे आली आणि इथून खाणीवर गेली. माझा गळा दाटून आला. काकू त्या दिवशी इथे नव्हत्या, त्या कामाच्या पाळीवर होत्या. पण पकडलेल्यांतला एक त्यांच्या गल्लीतला. परत आला तेव्हा त्याचे केस कापलेले होते, एवढंच त्यांनी सांगितलं.

काकू सूतगिरणीत होत्या. लिंडेनाऊची ही गिरणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप खंडातली सर्वांत मोठी मानली जायची. आज तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आणि कलादालनं आहेत. लाल विटांच्या त्या इमारतींमधून चालताना मला आपला लालबाग-परळ सारखा आठवत होता. तीच चिमणी, तीच उंच खिडक्यांची यंत्रांची दालनं, आणि वस्तीचा तोच पाळ्यांवर बांधलेला दिवस. फरक असा की इथे चात्यांवर बहुतेक बायका होत्या. "आठ तास यंत्राचा आवाज ऐकला की कान बधिर व्हायचे," काकू म्हणाल्या. "शनिवारी बँड सुरू झाला की ते परत उघडायचे."

तो शनिवार त्यांनी मला पायी चालून दाखवला. कार्ल हाइने रस्त्यावर फेल्सनकेलर नावाचा जुना भव्य हॉल आहे. समाजवादी नेत्या रोझा लुक्झेम्बर्गचं भाषण झालेली ही जागा, आणि पुढे कामगारांच्या नाचाची. दारात रांग. आत गेल्यावर हवं तिथे बसायचं नाही. पाटी असायची, 'आपल्याला जागा दाखवली जाईल', आणि वेटर नेईल त्या टेबलावर, बहुधा अनोळखी लोकांत, बसायचं. काकूंच्या मते त्या व्यवस्थेत एक गंमत होती: अनोळखी माणसांशी बोलणं आपोआपच व्हायचं. प्यायला बिअर, नाहीतर 'हिरवं कुरण' नावाचं मिश्रण. निळी लिकर, संत्र्याचा रस आणि फसफसती वाइन, यातून खरोखर हिरवा रंग उतरतो. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, लाइपझिगचा व्यापारमेळा भरायचा. तेव्हा पश्चिमेचे व्यापारी यायचे आणि एरवी न दिसणाऱ्या वस्तू दुकानांत झळकायच्या.

आणि मग 'डामेनवाल' पुकारला जायचा. डामेनवाल म्हणजे बायकांची निवड. त्या गाण्याला पुरुषाने जागेवरून उठायचं नाही, बाईने जाऊन त्याला विचारायचं. ही पद्धतही जुनीच. पण काकू आणि त्यांच्या मैत्रिणींसाठी तिला एक वेगळं वजन होतं असं मला वाटतं. प्रत्येकीच्या पर्समध्ये स्वतःचा पगार होता. तिकीट स्वतःचं, हिरवं कुरण स्वतःचं. घटस्फोट घेतलेली बाई एकटी आली तरी कुणी वळून बघत नसे. काकू स्वतः तशाच एकट्या येत राहिल्या, कित्येक वर्षं. मी सदाशिव पेठेत वाढले. आमच्याकडे बायका नाचायच्या त्या मंगळागौरीला, फुगडी आणि झिम्मा, दार लावून, बायकाबायकांत. त्यातला आनंद मी कमी लेखत नाही, माझ्या आजीला फुगडीत घामाघूम होऊन हसताना मी पाहिलं आहे. पण शनिवारी रात्री पाळी संपवून, ट्रामने एकटीने हॉलला जाऊन, आवडलेल्या परक्या माणसासमोर उभं राहायचं, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. ज्या राज्याने हात सोडायला बंदी केली, त्याच राज्यात काकूंना हा हात पुढे करता येत होता. दोन्ही खरं आहे.

रविवारी काकूंचे धाकटे भाऊ केक घेऊन आले. सत्तरच्या दशकात ते दिवसा फिटर होते आणि शनिवारी रेकॉर्ड लावायचे. त्यांच्या हुद्द्याला सरकारी नाव होतं 'शालप्लाटेन-उंटरहाल्टर', म्हणजे रेकॉर्डद्वारे मनोरंजन करणारा. डिस्क जॉकी हा शब्द पश्चिमेचा, म्हणून नको. त्यासाठी परीक्षा द्यावी लागे. समिती समोर बसणार, तुमचं निवेदन ऐकणार, दर्जा ठरवणार, आणि त्या दर्जाप्रमाणे तासाचे पैसे. शिवाय १९५८ पासूनचा साठ-चाळीसचा नियम: शंभरातली साठ गाणी समाजवादी देशांतली हवीत, पश्चिमेची फार तर चाळीस.

"मग तुम्ही काय करायचात?" मी विचारलं.

"साठ टक्क्यांतली गाणी, लोक कोट काढून टांगत असतानाच वाजवायचो," ते म्हणाले. "उरलेली यादीत लिहायचो."

यादी हा शब्द त्यांनी हळू उच्चारला. काय वाजवलं ते लिहून द्यावं लागे. कागदावर साठ आणि चाळीस बरोबर जुळायचे, हॉलमध्ये नाही. व्यवस्थापकाला ते माहीत असे आणि त्यालाही हॉल भरलेला हवा असे. कुणीतरी कळवेल ही भीती मात्र कायम सोबत. पश्चिमेची गाणी रेडिओवरून टेपरेकॉर्डरवर उतरवायची. त्यांच्या स्वतःच्या सरकारच्या रेडिओवरचा तरुणांसाठीचा डीटी-६४ नावाचा कार्यक्रमही टेप करणाऱ्यांसाठी अख्खी गाणी मध्ये न बोलता लावू लागला होता.

१९७३ च्या उन्हाळ्यात ते बर्लिनला जागतिक युवक महोत्सवाला गेले होते. नऊ दिवस अलेक्झांडर चौकात जगभरचे तरुण. लोक वेगळे होऊन नाचत होते, गटाने, एकेकटे, कसेही, आणि कुणी अडवत नव्हतं. १ ऑगस्टला, महोत्सव ऐन भरात असताना, उल्ब्रिश्त वारले. महोत्सव थांबवला नाही. "आम्ही नाचतच राहिलो," भाऊ म्हणाले, आणि बराच वेळ केककडे बघत बसले.

मोरित्झबास्टायबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे स्वतःच जायला हवं. शहराच्या जुन्या तटबंदीचा हा बुरूज युद्धानंतर ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता. १९७४ पासून विद्यापीठातल्या हजारो विद्यार्थ्यांनी फावड्यांनी तो उपसला आणि तळघरांत आपला क्लब उभा केला. उपसणाऱ्यांत भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी होती, पुढे जर्मनीची चान्सलर झालेली अँगेला मेर्केल. आजही तिथे विटांच्या कमानींखाली नाच चालतो. मी गेले त्या रात्री पंचविशीची मुलं मोबाइल खिशात ठेवून नाचत होती. जवळच, १० जून १९८९ रोजी, विनापरवाना रस्त्यावरचा संगीतमेळा भरला होता. पोलिसांनी गाणाऱ्यांना उचलून ट्रकमध्ये घातलं. चार महिन्यांनी, ९ ऑक्टोबरला, याच शहरातून सत्तर हजार माणसं राजवटीविरुद्ध चालत गेली आणि पोलिसांनी वाट अडवली नाही. गर्दीत काकू होत्या, कामाच्या बुटांत.

त्यानंतर राजवट कोसळली आणि गिरणीही बंद पडली. कारखान्यांना जोडलेली संस्कृतिगृहं, जिथे शनिवारचा नाच असे, तीही पैशाअभावी एकामागून एक मिटली. हव्या त्या गाण्यावर नाचायची मोकळीक आली त्याच वर्षांत काकूंचा हॉल गेला. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "चल, बर्लिनला." त्यांची आई बर्लिनची, लग्नाआधी ऑगुस्ट रस्त्यावरच्या क्लेर्शन्स बालहाउसमध्ये नाचायची. १९१३ साली सुरू झालेला हा हॉल, दोन महायुद्धं आणि चाळीस वर्षांची राजवट ओलांडून चालू राहिलेला, तोही खासगी मालकीत. काकू कधी गेल्या नव्हत्या. गाडीने सव्वा तास. फ्रीडरिश रस्त्याच्या स्टेशनबाहेर 'अश्रूंचा महाल' दाखवला. पश्चिम बर्लिनचे पाहुणे इथून परत जायचे आणि निरोप घेणारे रडायचे, म्हणून हे नाव. एका दिवसाचा परवाना मध्यरात्री संपायचा. क्लेर्शन्समध्ये पश्चिमेच्या माणसाबरोबर नाचणाऱ्या बाईला घड्याळाचा काटाही सांभाळावा लागे.

रस्त्यालगतची इमारत युद्धात गेल्यामुळे हॉल अंगणाच्या मागे आहे. लाकडी फरशी, भिंतींना चंदेरी झिरमिळ्या, टेबलावर कॉफी आणि केक, आणि दुपारी तीनलाच नाच सुरू झालेला. वरच्या मजल्यावर आरसेमहाल, तडे गेलेल्या आरशांसकट. जोड्या साठीपुढच्या. एक धीमा वॉल्ट्झ लागला. काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, किंचित वाकल्या, हात पुढे केला.

"तीन आणि तीन सहा," त्या म्हणाल्या. "दा तू ना."

वॉल्ट्झवर आम्ही लिप्सी नाचलो. बाजूच्या एका आजोबांनी पाय ओळखले आणि मान हलवली. गाणं संपलं तेव्हा काकूंना धाप लागली होती. त्यांनी मला सांगितलं की आता 'झी' बस, 'डू' म्हण, म्हणजे 'अहो' नको, 'अगं' म्हण. जर्मनांमध्ये हे कुणी घाईने सांगत नाही. मला ते जमेना, मी पुन्हा 'अहो'च म्हणाले.

पुढचं गाणं जलद होतं. काकूंनी माझा हात सोडला, दोन पावलं मागे गेल्या, डोळे मिटले आणि एकट्याच नाचू लागल्या.

मग डामेनवाल पुकारला गेला आणि त्या थेट त्या आजोबांच्या टेबलाकडे निघाल्या. आमची सहाची गाडी चुकली. पुढची तासाभराने होती.