तुम्ही विचारलंत म्हणून : सनदेआधी नियतकालिक कशाला?

"अजून सनद हातात नाही, कोर्टात उभे राहता येत नाही, मग कायद्याचे नियतकालिक काढण्याची घाई कशाला, आणि तेही फक्त सामाजिक व आर्थिक न्यायावर?" बेळगावात ओळखीचे वकील, नातेवाईक, क्वचित प्राध्यापकही मला हे विचारतात. विद्यार्थ्यांनीच लेख निवडून, तपासून छापण्याची पद्धत जुनी आहे. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 1887 मध्ये आपले नियतकालिक सुरू केले. माझे उत्तर मात्र निपाणीत आहे.

दुसऱ्या अंकासाठी तिथल्या एका वर्गमैत्रिणीने विडी कामगार महिलांवर लेख दिला. पहिल्या खर्ड्यात "महिलांचे शोषण होते" हे वाक्य चार वेळा आले होते आणि समासात मी चारही वेळा एकच शब्द लिहिला : कसे? ती पुन्हा गेली आणि वही घेऊन आठवडाभर विड्या वळणाऱ्या आपल्या आजीशेजारी बसली. आजीच्या मांडीवर सूप, सुपात कातरलेली पाने आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांमागे. संध्याकाळी विड्या जमा करताना त्यांतल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जात. त्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या परतही मिळत नसत. छाट किती निघाली, हे मैत्रीण रोज वहीत मांडत गेली. मग आम्ही 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा उघडला. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही त्या कायद्याने कामगार मानले होते आणि विडी नाकारण्यावरून होणारे वाद संक्षिप्त पद्धतीने मिटवण्याची तरतूद कलम 39 मध्ये केली होती. आजीचे आयुष्य सुपापुढे गेले. ते कलम तिला कोणी वाचून दाखवले नव्हते.

संविधानाच्या उद्देशिकेत सामाजिक व आर्थिक न्यायाचे वचन आहे, परंतु त्याचा बराचसा तपशील ज्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, ती न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, असे अनुच्छेद 37 सांगतो. म्हणून या विषयातले पुष्कळ काम खटल्याच्या आधीचे असते. वकिलाकडे पक्षकार येतो तेव्हा फाइल उघडते. जिची फाइलच झालेली नाही, तिच्या दारात आठवडाभर बसण्याइतका वेळ विद्यार्थ्याकडेच असतो, आणि तो वेळ सनद मिळाल्यावर उरणार नाही.

आमच्याकडे घरचे बोलणे मराठीत, उताऱ्यावरची नोंद कन्नडमध्ये आणि वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत असतो. त्यामुळे लेख मराठीत असला तरी कलमाचे मूळ शब्द आम्ही जसेच्या तसे देतो, कारण कचेरीतल्या अर्जात तेच लागतात.

सध्या उसाच्या बिलांवरचा अंक चालू आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज असे लिहिले होते. माझ्या वडिलांचे बिल कित्येकदा महिनोन्महिने रखडले. व्याज मागता येते, हे मलाही कायद्याच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. त्यांच्या जुन्या पावत्या आता माझ्या टेबलावर आहेत आणि तारखा लावण्याचे काम सुरू आहे.